रोटाव्हेटर जिथवर फिरला, तिथवर तण

हे आधी कुणी का सांगितलं नाही, असं मी या पावसाळ्यात घरातल्या, शाळेतल्या आणि बांधावर भेटलेल्या प्रत्येकाला विचारून झालं आहे. अकलूजला सून म्हणून आले तेव्हापासून ऊस बघते आहे. दाराबाहेर पडलं की ऊस, शाळेच्या वाटेवर ऊस, गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या गाड्या आणि हवेत मळीचा वास. शाळेत विज्ञान शिकवते, बी कसं रुजतं याची आकृती दरवर्षी फळ्यावर काढते. आणि आमच्याच रानात, एकमेकांना लागून असलेल्या दोन तुकड्यांत, तण कुठं उगवलं आणि कुठं नाही याची एक रेघ मला दिसली आणि मी जागच्या जागी उभी राहिले.

रेघ म्हणजे अगदी दोरी धरून आखावी तशी सरळ. अलीकडं हिरवंगार, पलीकडं पाचटाचा पिवळसर रंग आणि त्यात ठरावीक अंतरावर उसाची रोपं. अलीकडच्या रानाची मशागत रीतसर झालेली होती. खोडवा मोडून उभी-आडवी नांगरट, ढेकळं फुटावीत म्हणून रोटाव्हेटर, मग रेझरनं पाच फुटी सरी. पलीकडं यातलं काहीच झालेलं नव्हतं. ऊस तुटून गेला तेव्हा पाचट पेटवलं नाही, जुन्या सऱ्या तशाच ठेवल्या, उन्हाळ्यात पाणी तोडलं. बुडख्यांना जे कोंब येत राहिले ते मजूर लावून कुदळीनं जमिनीखाली तासून काढले. आडसालीच्या लागणीला जुन्या सरीच्या बगलेत हातभर अंतरानं खड्डे घेतले आणि त्यात रोपं लावली. बस्स.

ही कल्पना भाऊजींची, म्हणजे माझ्या दिरांची. मामंजींनी, ज्यांना सगळी आळी आण्णा म्हणते, निम्म्याच रानाला होकार दिला होता. "नांगरल्याबिगर ऊस व्हतो व्हय?" एवढंच बोलून त्यांनी उरलेलं निम्मं रान ट्रॅक्टरवाल्याला दाखवलं. त्यांच्या त्या अर्ध्या होकारामुळंच मला ती रेघ बघायला मिळाली. सगळं रान एकाच पद्धतीनं केलं असतं तर काहीच कळलं नसतं.

लागणीनंतर पाऊस चांगला झाला. नांगरलेल्या बाजूला माठ, घोळ, केना, शिप्पी, एकदांडी, गाजर गवत, सगळी मंडळी हजर. उसाचं रोप हातानं चाचपून शोधावं लागत होतं. रोटाव्हेटर जिथवर फिरला होता तिथवर तण, आणि जिथं ट्रॅक्टर वळला तिथं तणही वळलेलं! पलीकडं पाचटातून डोकं काढलेला एखादा केना, बांधाच्या बाजूला थोडी हराळी, बाकी स्वच्छ. जमीन एकाच गटातली, पाणी एकाच पाटाचं, रोपं एकाच रोपवाटिकेतली.

पाचटानं जमीन झाकली म्हणून तण आलं नाही, हे कुणालाही पटेल, आणि ते खरंही आहे. एक हेक्टर उसातून ८ ते १० टन पाचट निघतं. तेवढा थर अंगावर असताना बारीक बियांना वर येणं अवघडच. पण मी वाकून बघत गेले तेव्हा सरीच्या माथ्यावर बऱ्याच ठिकाणी पाचट वाऱ्यानं सरकलेलं होतं, माती उघडी पडली होती, आणि तिथंही तण विरळच होतं. त्या उघड्या मातीनं मला झोपू दिलं नाही. मिळेल ते वाचत सुटले.

तणांच्या बऱ्याचशा बारीक बियांना उजेड कळतो! बियांमध्ये फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. मातीखाली दडलेल्या बीला वर्षानुवर्षं अंधार मिळतो, त्या काळात ते बी उजेडाच्या बाबतीत इतकं हळवं होतं की नांगराच्या फाळानं माती उलटताना क्षणभर लागलेली उन्हाची तिरीपसुद्धा त्याला पुरते. तेवढ्यात त्याला कळतं की आपण वर आलो आहोत, डोक्यावर कुणाची सावली नाही, आता रुजायला हरकत नाही. आणि पुढच्याच क्षणी रोटाव्हेटर त्याला भुसभुशीत, ओलसर मातीत दोन-तीन बोटं खोल नेऊन ठेवतो. आपण मुद्दाम पेरणी केली तरी याहून चांगली करणार नाही. वर्षानुवर्षं प्रत्येक मशागतीनं आपण वरचं तण मारतो आणि खालच्या साठ्यातलं पुढचं तण पेरतो. फळ्यावर मी उजेड, पाणी, हवा असे तीन शब्द लिहिते, त्यातला उजेड हा शब्द या रानात असा समोर येऊन उभा राहील असं कधी वाटलं नव्हतं.

हा साठा किती टिकतो, याचा एक प्रयोग अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये १८७९ पासून चालू आहे. विल्यम जेम्स बील नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं २० बाटल्या घेतल्या, प्रत्येकीत २१ जातींच्या वनस्पतींच्या पन्नास-पन्नास बिया वाळूत मिसळून भरल्या आणि त्या पुरून ठेवल्या. ठरावीक वर्षांनी एक बाटली काढायची आणि किती बिया जिवंत आहेत ते बघायचं. पुरणारा गेला, त्याचे शिष्य गेले, त्यांचेही शिष्य गेले. सोळावी बाटली २०२१ मध्ये निघाली आणि तिच्यातल्या काही बिया रुजल्या, पुरल्यावर तब्बल १४१ वर्षांनी! या बाटल्या खणून काढायला माणसं अंधारात जातात, पुरलेल्या उरलेल्या बियांना चुकूनही उजेड लागू नये म्हणून. हे वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना हातातलं काम थांबवायला लावून सगळं ऐकवलं.

आणि मग जर्मनी. तिथं हार्टमान आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९९० मध्ये लिहिलं, की रानाचा एक भाग दिवसा नांगरला आणि एक रात्रीच्या अंधारात, तर रात्री नांगरलेल्या भागात तण खूपच कमी आलं. पुढं इतरांनी हाच प्रयोग ठिकठिकाणी केला तेव्हा फरक सगळीकडं एवढा मोठा आला नाही, कारण प्रत्येक तणाचं बी उजेडावर अवलंबून नसतं. पण कल्पना तर बघा. नांगर तोच, माती तीच, फक्त सूर्य नाही!

लव्हाळ्याची तऱ्हा मात्र वेगळी. तो बियांवर फारसा चालतच नाही. नांगरलेल्या बाजूला खुरपणी लावली तेव्हा टोळीतल्या मावशी एका जागी बसून राहिल्या आणि मला हाक मारली, "बाई, हितं या. ह्याला खुरपं लावलं की ह्यो वाढतोय. वरनं काढलं तर खालनं दुप्पट." मी म्हटलं, मावशी, खालचं मला दाखवा. त्यांनी खुरपं ठेवलं, पहार घेतली, आणि एका लव्हाळ्याच्या बाजूनं बाजूनं माती काढत हातभर खोल गेल्या. घाई नाही, ओढणं नाही. शेवटी बोटांनी माती झटकली आणि तळहातावर ठेवली ती एक माळ होती, तुळशीच्या माळेसारखी, बारीक तारेत ओवलेल्या काळपट गाठींची. वरच्या गाठीतून हिरवं पातं निघालेलं. खालच्या गाठी निवांत, एकीलाही कोंब नाही. नखानं एक गाठ फोडली तर आत पांढरी, आणि उग्र, ओळखीचा सुवास. आयुर्वेदातला मुस्ता म्हणजे मोथा, तो हाच.

खालच्या गाठी निवांत का? वरची गाठ फुटलेली असते तोवर ती खालच्यांना फुटू देत नाही. उसाच्या कांडीत शेंड्याचा डोळा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो, म्हणून तर आपण बेणं एक डोळ्याचं किंवा दोन डोळ्यांचं तोडतो. तोच नियम इथं. माळ अखंड असेल तर एक लव्हाळा. रोटाव्हेटरच्या पात्यांनी माळ तुटली की प्रत्येक गाठ मोकळी, प्रत्येक गाठीचा वेगळा लव्हाळा! १९७७ मध्ये होल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या सर्वांत वाईट तणांवर ग्रंथ लिहिला, त्यात पहिला मान या लव्हाळ्याला आहे. आणि या जगज्जेत्याची एक गोम आहे. त्याला सावली सोसत नाही. वरून झाकलं की तो थकत जातो. मावशींना यातलं निम्मं माझ्याआधीच माहीत होतं. "उसाचं पान गाठलं की ह्यो आपोआप बसतोय," त्या म्हणाल्या.

उसाचं पान गाठणं. सगळी गोष्ट त्या एका घटकेवर येऊन थांबते. ऊस लहानपणी फार सुस्त असतो. टिपरी लावली तर उगवायलाच महिना-दीड महिना जातो, सऱ्या रुंद, मधे सगळी मोकळी जमीन, भरपूर पाणी, भरपूर खत. तणाला याहून चांगलं आमंत्रण नाही. लागणीपासून पहिले साधारण १२० दिवस रान तणमुक्त हवं, त्यातही फुटवे येण्याचा काळ फार नाजूक. त्या काळात तणानं फुटवा दाबला तर नंतर कितीही युरिया टाका, गेलेला फुटवा परत येत नाही, आणि फुटवे म्हणजेच पुढं मोजायचे ऊस. पण मोठी बांधणी झाली, दोन ओळींची पानं एकमेकांना भिडली, की खालचं तण आपोआप पिवळं पडतं, मरतं आणि जागेवरच कुजतं. म्हणजे वर्षभराची, आडसालीत दीड वर्षाची लढाई असं जिला आपण समजतो ती खरं तर चार महिन्यांची आहे. सगळी ताकद, सगळी मजुरी, सगळं लक्ष त्या चार महिन्यांत लावायचं. माझ्या घरात हे वाक्य कुणीही एवढ्या स्पष्टपणे म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि तरी सगळे तसंच वागत आले होते.

हाच हिशोब मला एका भलत्याच पिकात सापडला. आषाढात तुकोबांची पालखी सराटीहून नीरा ओलांडून अकलूजला येते, गोल रिंगण होतं, आणि त्या दिवसांत घराघरांत साबुदाणा भिजत पडलेला असतो. तो साबुदाणा कसाव्याच्या मुळांचा, तमिळनाडूत सेलमच्या बाजूला तयार होणारा. कसाव्याचीही लागवड खोडाच्या कांड्यांपासून, उसासारखी. ओळी रुंद, सुरुवातीची वाढ मंद, जमीन बराच काळ उघडी. पहिले तीन महिने तण आवरलं नाही तर खाली मुळं भरतच नाहीत. जगात सर्वांत जास्त कसावा नायजेरियात पिकतो आणि तिथंही तणाशी झुंजण्याचं काम मुख्यतः हातातल्या कुदळीवर, आणि बरंचसं बायकांच्या पाठीवर आहे. इबादानच्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेनं कसाव्यातल्या तणावर मोठा प्रकल्प राबवला. आपल्याकडं कंदपिकांसाठी तिरुवनंतपुरमला १९६३ पासून केंद्रीय संस्था आहे. एकादशीच्या ताटातली खिचडी आणि आमच्या बांधावरच्या मावशी, दोन्हींच्या मागं तेच खुरपं आहे!

फरक एकच, पण मोठा. कसाव्याचं धन जमिनीखाली. मुळांना फुगायला जागा लागते, म्हणून घट्ट, भारी जमिनीत तिथं वरंबे करून माती मोकळी करावीच लागते. हलक्या, मोकळ्या जमिनीत नांगर टाळला तरी चालतं. उसाचं धन जमिनीच्या वर. त्याला पोकळ माती नको, मुळांना वाट हवी. ही वाट मला खड्ड्यात दिसली.

भाऊजींनी दोन्ही बाजूंना गुडघाभर खड्डे घेतले. नांगरलेल्या बाजूला वरची वीतभर माती पिठासारखी, पावसानं तिच्यावर खपली धरलेली, आणि खाली एकदम टणक थर. पहार आपटली की आवाज बदलतो. दुसऱ्या बाजूला खपली नाही. जुनं बुडखं अर्धवट कुजलेलं, काळं, दाबलं की बोट आत जाईल असं. त्याच्या जुन्या मुळ्या कुजून त्यांच्या जागी बारीक नळ्या उरलेल्या, आणि त्या नळ्यांतून नव्या उसाची पांढरीशुभ्र मुळी खाली उतरत होती! गेल्या पिकानं खणून ठेवलेली वाट या पिकानं धरली होती. मी तिथंच मातीत बसले. नळीच्या कडेला गांडुळाची विष्ठा, बुडख्यावर पांढरे बुरशीचे धागे. जोराचा पाऊस आला त्या दिवशी नांगरलेल्या सरीत पाणी तुंबून राहिलं होतं आणि इकडं ते मुरून गेलं होतं, त्याचं उत्तर या नळ्यांत होतं. आमच्याकडं पाऊस वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, बाकी सगळा भार कालव्यावर आणि विहिरीवर. मुरलेला प्रत्येक थेंब इथं मोलाचा.

त्या पांढऱ्या धाग्यांची गोष्ट तर आणखी पुढची. उसाची, ज्वारीची मुळं मातीत एक रसायन सोडतात, स्ट्रिगोलॅक्टोन. त्याचा वास घेऊन मित्र बुरशी, मायकोरायझा, मुळाशी येते आणि स्फुरद आणून देते, हे २००५ मध्ये कळलं. पण त्याच्या किती तरी आधी, १९६६ मध्ये, शास्त्रज्ञांना तेच रसायन दुसऱ्याच कारणानं सापडलं होतं: टारफुल्याचं बी त्याच्यामुळं रुजतं! आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या ज्वारीवाल्यांना टारफुला नवा नाही, ज्वारीच्या मुळावर बसून रस शोषणारं ते जांभळट-पांढऱ्या फुलांचं देखणं तण. पीक मित्राला हाक मारतं आणि ती हाक शत्रूही ऐकतो. बुरशीच्या धाग्यांचं ते जाळं नांगर दरवर्षी तोडतो आणि पिकाला दरवर्षी पहिल्यापासून हाका माराव्या लागतात.

मग एवढी वर्षं आपण नांगरत का आलो? अकलूजच्या परिसरात तरी याला मोठा इतिहास आहे. नीरेचा कालवा आला, सासवडच्या माळी समाजातल्या शेतकऱ्यांनी इथं येऊन जमिनी कसल्या आणि १९३० च्या दशकात माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभा केला. पुढं शंकरराव मोहिते-पाटलांच्या नेतृत्वाखाली सहकारी कारखाना झाला. या माणसांनी माळरानावर, काळ्या चिकट जमिनीवर, बैलांच्या जोड्या जुंपून ऊस उभा केला. त्या जमिनीला पहिल्यांदा फोडावंच लागलं असणार. कष्टाची ती पिढी खोल नांगरटीला मान देते, आणि तो मान मला कळतो. आण्णा अजूनही उन्हाळ्यात तापलेली नांगरट बघून खुश होतात. पण जमीन एकदा फोडणं वेगळं आणि दरवर्षी पीठ करणं वेगळं. दरवर्षीच्या ढवळण्यानं मातीतला सेंद्रिय कर्ब हवेत जळून जातो, वर पाचट पेटवलं तर उरलासुरलाही जातो, आणि मग आपण शेणखताच्या ट्रॉल्या विकत घेत बसतो.

भाऊजींना हा नाद लागला तो प्रताप चिपळूणकरांच्या लेखनामुळं. कोल्हापूरचे हे शेतकरी अनेक वर्षं नांगरणीशिवाय ऊस घेत आले आणि मराठीत सातत्यानं लिहीत आले. तण खाई धन हे आपण लहानपणापासून ऐकतो, त्यांनी मांडलं की तण धन देतंसुद्धा. त्यांचा मुद्दा मला फार आवडला. वरून टाकलेल्या हलक्या, पटकन कुजणाऱ्या खतापेक्षा जमिनीखाली जागेवर राहिलेली बुडखी, मुळ्या, जून तण हे हळू कुजतं आणि टिकाऊ सुपीकता देतं. म्हणजे तण संपवायचं नाही, त्याला वेळेत थोपवायचं आणि त्याच्याच देहाचं खत करायचं. तिकडं कोकणाच्या तोंडाशी नेरळला चंद्रशेखर भडसावळ्यांनी भातात हेच करून दाखवलं. चिखलणी नाही, लावणी नाही, एकदा केलेले गादीवाफे कायम ठेवायचे, साच्यानं छिद्रं पाडून भात टोकायचा, भात कापल्यावर मुळं जमिनीतच सोडायची आणि त्याच वाफ्यावर वाल किंवा हरभरा. सगुणा भात तंत्र म्हणून ते रायगडच्या बाहेरही गेलं. भात आणि ऊस, भरपूर पाणी पिणारी दोन पिकं, दोन्हीकडं माणसांनी नांगर बाजूला ठेवला आणि गांडुळं परत आली!

इथं मला एक गोष्ट ठामपणे लिहायची आहे. या पद्धतींत ग्लायफोसेट या तणनाशकाचा आधार घेतला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या गटात टाकलं. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध आणले आणि फवारणी परवानाधारक कीडनियंत्रण चालकांकडूनच व्हावी असं ठरवलं. ज्या रानात मावशी अनवाणी बसतात तिथं ते नको, हा माझा हट्ट होता आणि भाऊजींनी तो मानला. त्यासाठी बुडखे तासायची मजुरी पडली, ती जास्तच पडली. पण पाचट, सावली आणि वेळ यांच्यावर किती भागतं ते बघायचं होतं. पाचटावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणूसंवर्धन टाकलं, सरीच्या मधल्या पट्ट्यात ताग टोकला. ताग फुलावर यायच्या आत कापून तिथंच आडवा केला. जिथं ताग दाट होता तिथं लव्हाळ्याचं पातं फिकट, लांबट, अंगात जोर नसलेलं. मी पानं बाजूला सारून, वाकून, पुन्हा पुन्हा ते बघत होते.

आणि या सगळ्यात मला सर्वांत जास्त आनंद कशाचा झाला असेल तर खोडव्याचा. खोडवा, निडवा म्हणजे तरी काय? ऊस तुटल्यावर तीच बुडखी, त्याच सऱ्या, नांगर नाही, त्याच मुळांवर दुसरं पीक. प्रत्येक ऊसवाला विनानांगरणीची शेती करतच आला आहे, एक वर्ष, दोन वर्षं! पूर्वी खोडव्यातही बगला फोडायची पद्धत होती. आता पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रापासून कारखान्यांच्या शेतकी विभागांपर्यंत सगळे सांगतात की बगला फोडू नका, पाचट पेटवू नका, बुडखे जमिनीलगत छाटा, खत पहारीनं भोकं घेऊन द्या. हे सगळं आण्णा स्वतः करतात, कौतुकानं करतात. मी त्यांना म्हटलं, "आण्णा, तुमचा खोडवा बिननांगरटीचाच की!" ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून दोन्ही खड्ड्यांपाशी गेले, पहार स्वतःच्या हातात घेतली आणि नांगरलेल्या बाजूचा तो टणक थर दोन-तीनदा आपटून बघितला. दुसऱ्या खड्ड्यातली मुळी त्यांनी बोटानं वर उचलली, माती हुंगली, आणि भाऊजींना विचारलं, पाचट किती दिवसांत बसतंय.

म्हणजे पुढचा खोडवा निघाला की उरलेल्या निम्म्या रानातही रोटाव्हेटर जाणार नाही, असं सध्या तरी ठरलं आहे. आण्णांची अट एकच, बांधाकडची हराळी आधी काढायची. ती ना उजेडाला जुमानते ना पाचटाला, तिच्या काशा थराखालूनही सरकत येतात, तेव्हा ती खणूनच काढावी लागणार. मावशींची टोळी दसऱ्यानंतर मोकळी होते आहे.